साठीनंतरचे पैसे

सानपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मार्बल बसवायला एक कारागीर यायचा. कटर थांबला की तोंडावरचा रुमाल सोडून आधी बाल्कनीत झटकायचा, मग तिथेच खोकायचा, आणि आत येताना माझ्याकडे बघून ओशाळं हसायचा.

मी घरी शिकवण्या घेते. मला कोण पेन्शन देणार, म्हणून नुकतीच दर महिन्याला थोडे पैसे गुंतवायला लागले होते. नवा उत्साह! चहा देताना मारे त्यालाही समजावलं, "दादा, तुम्हीपण आतापासून टाका. साठीनंतर दर महिन्याला पैसे येत राहतील."

त्याने मन लावून ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "मॅडम, आमच्या लाइनमध्ये साठ वर्षांचा मानूस बघितलाय तुमी?"

 चहाचा घोट घेऊन तोच म्हणाला, "चालू करून द्या. पन बायकोच्या नावानं. ती होईल साठची."

कप ठेवून तो हात धुवायला बेसिनपाशी गेला. चाळिशीचाही नसेल, पण दगडाच्या भुकटीने केस, भुवया, मिशा सगळं पांढरं झालं होतं. आरशात तो क्षणभर स्वतःकडे बघत राहिला. मग ओंजळभर पाणी घेऊन त्याने ते म्हातारपण धुऊन टाकलं.