उजव्या बाजूचा झूमर

आमच्या घरातल्या झूमराविषयी माझे नातू आणि मेहुण्याची मुले जे सांगत फिरतात, ते साफ खोटे आहे. म्हणे आजोबांचा हात चुकला आणि डाव्या बाजूचा दागिना उजव्या बाजूचा होऊन बसला. नंदुरबारात मी उभा जन्म पत्रा कापला, भांड्यांना कल्हई केली. माझा हात कधी चुकला, हे दाखवणारा अजून भेटायचा आहे.

बोलपट तेव्हा नवे होते. गावाबाहेर तंबू पडला. आत मधोमध पांढरा पडदा ताणलेला असे आणि चित्र आरपार दिसावे म्हणून खेळाआधी त्यावर पाणी शिंपडत. पुरुष पडद्यापुढे बसत, बायका पडद्यामागे. नटी बेगम झाली होती. तिच्या कानशिलावर पंख्याच्या आकाराचा झूमर होता, त्याला मोत्यांच्या नऊ सरी, कपाळाकडे आखूड आणि कानाकडे लांब होत गेलेल्या. पंधरा दिवसांनी माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे शहाद्याला लग्न होते. बायकोने आजवर माझ्याकडे काही मागितले नव्हते. आता मागितले ते एवढेच, की तिथे तसाच झूमर घालून जायचे.

मी म्हणालो, झूमर डावीकडे होता. ती म्हणाली, उजवीकडे. मी दुसऱ्यांदा खेळ पाहून आलो आणि ठणकावून सांगितले, "डाव्याच आंगे शे!" तिने नाही म्हणून मान हलवलीच.

सकाळी पतंगाच्या कागदावर मी नटीचा चेहरा नि झूमर रेखला आणि रेघा तपासायला कागद उन्हात धरला. समोर ती तांदूळ निवडत बसली होती. वर पाहिले आणि एकदम हसली. "आते कसं बरोबर काढं! आसाच व्हता."

कागद माझ्या हातात तसाच राहिला. ती कागदाच्या पाठीमागून पाहत होती. तंबूतही तिने पाठीमागूनच पाहिले होते.

सांगता आले असते. पण दोन दिवस मी तिला खोटे पाडले होते, आणि तिने तर जिथे बसवले तिथून अगदी नेमके पाहिले होते. मी कागद उलटा केला आणि पितळेचा पत्रा त्यावरून कापला. कल्हई चढवली, पांढऱ्या काचमण्यांच्या नऊ सरी ओवल्या.

लग्नात झूमर पाहायला बायका तिच्याभोवती जमल्या. तेवढ्यात तिचा भाऊ, ज्याने तो खेळ तीनदा पाहिला होता, भर मांडवात ओरडला, "आपा, नीट देखं तरी का? झूमर डाव्या आंगे ऱ्हास!" माणसे हसली. तिचा हात झूमर उपटायला वर गेला.

"तिनं बरोबर सांगेल व्हतं," मी म्हणालो. "मन्हा हात चुकना."

"दुल्हाभाई, तुम्हना बी हात चुकस!" हशा माझ्याकडे वळला. तिचा हात खाली आला.

परतताना बैलगाडीत ती म्हणाली, "मी तर उजव्याच आंगे सांगेल व्हतं. मंग तुम्ही लबाड का बोलनात?" तेव्हा मी पडद्याची गोष्ट सांगितली. मी म्हणालो, घरी गेल्यावर डाव्या बाजूचा करून देतो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी जठून देखं, तठून आसाच दिखना."

प्रत्येक ईदेला तिने तो उजवीकडेच घातला. ती होती तोवर ती खोटी चूक मी अंगावर वागवली. आता ती नाही, म्हणून लिहितो. ज्याला शंका असेल त्याने पेटीतला झूमर काढून पाहावा. हात चुकला असता तर फार तर आकडा भलतीकडे लागला असता. इथे पंख्याची कमान उलटी आहे, नऊच्या नऊ सरी उलट क्रमाने लहानमोठ्या आहेत. एवढे चुकून होत नाही. एवढे माणूस कुणासाठी तरी करतो.