माझा पहिला बार

आमच्या रत्नागिरीच्या घरी ठासणीची बंदूक होती, वानरं आणि डुकरं हाकायला. पण बाबांनी तिचा चाप मला कधी ओढू दिला नाही. मी दारूचा डबा धरायचा, चिंध्या फाडून द्यायच्या आणि बाजूला व्हायचं. "याच्या हाती बंदूक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," असं ते चारचौघांत म्हणायचे. तिशी उलटली, कतारमध्ये दोह्याला इंडस्ट्रियल एरियात लेथवर उभा राहू लागलो, तरी ते वाक्य मला चावत होतं.

त्यामुळे एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात आमच्या अरबाबाने, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाने, आपल्या ठासणीच्या बंदुकीचा झिजलेला स्क्रू माझ्यापुढे टाकला, तेव्हा माझी जीभ सैल सुटली. "हमारे गाँव में ये बच्चा लोग चलाता है," मी ठोकून दिलं.

"यल्ला, जुम्मे को तुम भी आओ," अरबाब म्हणाला.

दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावात त्याच्या मळ्यावर पाच-सहा हौशी म्हातारे जमायचे. बंदुका त्यांच्याहून म्हाताऱ्या. त्यांतला एक इंग्रज इंजिनियर नळीत दारू औषधासारखी मोजून घालायचा. त्याचं मोजून होईपर्यंत इतरांचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, दोनदा पिऊन व्हायचा. समोर दूध पावडरचा रिकामा डबा ठेवलेला. बार उडाला की धुरात डबाच दिसेनासा व्हायचा, आणि तेवढ्यात मारणारा "लागला!" म्हणून मोकळा. धूर विरला की डबा जागच्या जागी आणि दोष वाऱ्याचा. हातात बंदूक असलेली इतकी निरुपद्रवी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

माझी पाळी आली. नेम लागला तर बाबांना कळवायचं, एवढंच डोक्यात होतं. ते करायचे तसंच केलं. नळीत दारू ओतली, चिंधी घातली, गोळी सोडली आणि लोखंडी गजाने चांगलं ठासलं. म्हातारे माना डोलावू लागले. मी फुगलो. त्याच तोऱ्यात ठिणगीची केप बसवली आणि चाप ओढला.

धूर विरला. डबा उभाच होता. मागच्या खजुराच्या खोडात मात्र गज रुतून थरथरत होता. तो नळीतून काढायचाच राहिला होता.

इंग्रज हसता हसता खाली बसला. अरबाबाने डोळे पुसत विचारलं, "तुम्हारा बच्चा लोग ऐसे चलाता है?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पत्र तरीही लिहिलं. नेम लागला, डबा उडाला, अरबाबाने पाठ थोपटली, सगळं रंगवून. लिहिताना लाज वाटली, पण ते माकड मला एकदाचं पुसायचं होतं.

महिन्याने उत्तर आलं. भाताचं, म्हशीचं, आईच्या खोकल्याचं लिहून झाल्यावर खाली होतं, "नेम लागला हे वाचून बरं वाटलं. मी पहिला बार उडवला तेव्हा गज नळीतच विसरलो. फणसात जाऊन घुसला. कोणाला सांगितलं नाही. तुझंही तसंच होईल म्हणून भीत होतो. तू माझ्यापेक्षा शहाणा निघालास."

इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी जीव टाकला ते हातात होते, आणि ते मी चोरून मिळवले होते. मला हसू आलं आणि रडूही आलं. त्याच दिवशी निळा एरोग्राम घेतला आणि ख्यालीखुशालीही न विचारता लिहिलं, "बाबा, माझा खजुरात घुसला."