सुजाताचा नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुजाताला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

बेळगावात खडेबाजारातल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही दोघी वेबसाइटची कामं करायचो. खासबागेत एकाच खोलीत राहायचो. ती बोरगावची. तेव्हा एका रक्तपेढीच्या वेबसाइटसाठी मी विजेट बनवत होते — पानाच्या कोपऱ्यात बसणारी छोटी चौकट. रक्तगट निवडला की रक्तदात्याचा नंबर दिसायचा. आधी माझ्याच कॉम्प्युटरवरच्या लोकल सर्व्हरवर चालवून बघत होते. तिथलं बाहेर कुणाला दिसत नाही. म्हणून खोटी नावं, खोटे नंबर टाकत गेले. ओ निगेटिव्हपाशी काही सुचेना — पाठ होता तो टाकला. सुजाताचा.

तो काढायचा राहिला. राहिला म्हणजे काय? मी बघितलंच नाही. ‘सगळं तपासलं’ असं कळवलं, आणि चौकट तशीच वेबसाइटवर गेली.

तिला फोन यायला लागले. “न्हाय हो, माझा गट बी पॉझिटिव्ह हाय,” ती सांगायची. एकदा आम्ही डबा खात असताना निपाणीहून एका माणसाचा आला. बायको बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं. त्याला वाटलं, ही टाळतेय. “ताई, पाया पडतो, गाडी पाठवतो...” फोन कानाशी धरून सुजाता रडत होती.

मला कळलं का? तेव्हाच कळलं. मी आधी डबा संपवला. मग जागेवर जाऊन गुपचूप तो नंबर काढला.

तिचा संशय गेला तिच्या थोरल्या भावावर, अण्णावर. नंबर रक्तपेढीकडून मिळाला, एवढंच लोक सांगायचे, आणि तो गावात रक्तदान शिबिरं घ्यायचा. तिनं त्याला फोन लावला.

“तूच दिलास न्हवं माझा नंबर?”

“आईशप्पथ न्हाय गं!”

तिला पटलं नाही. मी शेजारीच बसले होते — “जाऊ दे गं” म्हणाले. पुढच्या रविवारी अण्णा खोलीपर्यंत आला, जिन्याखाली थांबला. ती खाली जाईना. मग मीच गेले आणि सांगितलं, ती खोलीवर नाही. तो मान हलवून निघून गेला.

सुजाता आता हुबळीत असते. अण्णाशी बोलत नाही. आणि निपाणीची ती बाई? रक्तपेढीत विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.