कापलेली फिल्म

फक्रुद्दीननं राहुरीच्या मार्केट यार्डात बत्तीस वर्षं गोण्या उचलल्या. स्वतःची थप्पी कधी वाकडी लावली नाही. दुसऱ्याची वाकडी दिसली, की भर उन्हात उतरवून पुन्हा लावायला लावायचा.

यंदा त्याच्या लिव्हरमध्ये डाग दिसला. नगरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.

"नुसत्या यावरून ठरत नाही. रक्तवाहिन्यांचा साधा गुंता असेल, नाहीतर कॅन्सरची गाठ. जुना फोटो आहे का? तेव्हाही डाग एवढाच असेल, तर काळजी कमी. नसेल तर एमआरआय करू. तरी उलगडलं नाही, तर सुई घालून तुकडा काढावा लागेल. गुंताच निघाला, तर त्यात रक्तस्रावाचा धोका."

जुना फोटो होता. तीन वर्षांपूर्वी अंगावर थप्पी कोसळली, तेव्हा बरगड्यांचा सीटी स्कॅन झाला होता. त्यात लिव्हरही आलं होतं. रिपोर्टात मात्र बरगड्यांचंच लिहिलेलं.

"सेंटरवाल्यांनी फिल्म दिलीच न्हाई," तो मुलीकडं, सुमैराकडं न बघता म्हणाला.

सुमैरा तडक सेंटरवर गेली. काउंटरवरच्या जयाबाईंना लोकांदेखत नको नको ते बोलली. फक्रुद्दीन बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होता. उठला नाही. मशीन बदललं, जुने फोटो राहिले नाहीत, एवढं सांगून जयाबाईंनी रजिस्टर पुढं सरकवलं.

सुमैरा बाहेर आली. "अब्बा, फिल्म मिळाल्याची सही तुमचीच हाय."

त्यानं मान खाली घातली. "मीच कापली. गोण्यांवर मार्का मारायला साचा पायजे हुता. पत्रा गंजतो, पुठ्ठा भिजतो. फिल्म चिवट. यार्डातला बन्सी म्हणाला बी, 'मामू, तुमची बरगडी आता कांद्यासंगं दिल्लीला चालली!'"

"आन् लिव्हर?"

"तिथंच अक्षरं कापली."

"मग खोटं कशाला बोललात?"

"लाज वाटली."

"आन् आत मी काय काय बोलून आले! त्याची न्हाई वाटली?"

तो उठला. आत चार माणसांच्या मागं रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर मोठ्यानं म्हणाला, "ताई, फिल्म मला मिळाली हुती. मीच कापली. माझी पोर तुमाला सगळ्यांदेखत बोलली, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. चूक माझी."

जयाबाईंनी वर बघितलं नाही. एमआरआयचा फॉर्म ओढला.

"फोटो हलला तर पुन्हा पंचाईत होते, काका. सांगितलं की दम धरायचा. जमेल ना?"

त्यानं तिथंच छाती भरून दम धरून दाखवला.