गरजलं म्हणजे वाचलो

लग्न होऊन मी बालाघाटला आले, तोवर राज्यांची नवी रचना होऊन माझं माहेर, भंडारा, महाराष्ट्रात गेलं होतं आणि सासर मध्य प्रदेशात राहिलं होतं. घरात तिघंच. हे लालबर्‍याच्या एका राइस मिलमध्ये इंजिनावर कामाला होते, सकाळच्या मोटारीने जायचे. दिवसभर मी आणि सासूबाई.

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण पवित्र शास्त्रातले, बायबलातले, उतारेच्या उतारे पाठ होते. संध्याकाळची प्रार्थना त्याच करायच्या. मी मोठ्याने प्रार्थना करत नसे. माहेरी ते वडिलांचं काम होतं. सासूबाईंना माझं गप्प राहणं खुपायचं. शिकलेली सून देवापुढे मुकी कशी, असं त्या शेजारणीला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

उन्हाळ्यातली एक दुपार होती. वैनगंगेच्या अंगाने आभाळ काळंनिळं होऊन आलं आणि बघता बघता वारा सुटला. सासूबाईंनी दार लावलं, धानाच्या कोठीवर गोधडी टाकली आणि मला आतल्या भिंतीशी खाटेवर बसवून स्वतः शेजारी टेकल्या. छपराच्या कवेलूंवर गारा वाजू लागल्या. वीज चमकली, गडगडाट झाला, आणि सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "बापा, तुझे उपकार." पुन्हा गडगडाट, पुन्हा तेच.

चार-पाच वेळा झाल्यावर मी विचारलं, "आई, विजेचे उपकार काहून मानता?"

"विजेचे नाही वं. गरजलं ते आपल्याले आयकू आलं, म्हंजे आपुन वाचलो. ज्याच्यावर पडते त्याले आयकू येत नाही."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. परसवाडा गावाकडे त्यांचं माहेर. त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना थोरल्या बहिणीसोबत शेतात धानाच्या रोवणीला गेल्या होत्या. दोघी एकाच बांधीत, हातभर अंतरावर. उजेड दोघींनी पाहिला. आवाज सासूबाईंनी एकटीनेच ऐकला. दीड वर्षात मी त्यांना कशाला भ्यालेलं पाहिलं नव्हतं. आता त्या सरकून मला चिकटून बसल्या.

तेवढ्यात घर पांढरंफेक झालं आणि त्याच क्षणी कानठळ्या बसल्या. वीज मागच्या चिंचेवर पडली होती. वार्‍याने स्वयंपाकघरावरची कवेलूंची एक ओळच्या ओळ उचलली आणि पाणी धो धो आत आलं. सासूबाईंचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली.

मी म्हणाले, "बापा, तुझे उपकार."

एकदा तोंड उघडलं आणि मग थांबताच येईना. आतली भिंत उभी आहे म्हणून उपकार मानले. हे मिलमध्ये पक्क्या छपराखाली असतील म्हणून मानले. धान कोरडं आहे म्हणून, आणि आई माझ्याजवळ बसल्या आहेत म्हणूनही. माझा आवाज रडवेला झाला होता, वाक्यं अर्धवट तुटत होती. प्रत्येक गडगडाटाला मी उपकार मानायला काहीतरी शोधत गेले. हळूहळू गडगडाट लांब गेला. सासूबाईंना आवाज सापडला तो "आमेन" म्हणण्यापुरता.

पाऊस थांबला तेव्हा स्वयंपाकघरातून आभाळ दिसत होतं आणि चूल पाण्याने भरली होती. शेजारच्या बौद्ध घरातली बाई डोक्यावर पोतं घेऊन आली. त्यांचंही निम्मं छप्पर गेलं होतं, पण चूल वाचली होती. "चूल पेटवू नोका," म्हणाली, "भात मी टाकला हाये तुमचाही."

दिवेलागणीला हे ट्रकने आले, चिखलाने माखलेले. घर पाहून त्यांचा चेहरा उतरला. सासूबाई भीतीबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुह्या बायकोनं आज लई चांगली प्रार्थना केली." मी भांड्याने पाणी उपसत राहिले.

दुसर्‍या दिवशी कडक ऊन पडलं. हे शेजार्‍यासोबत छपरावर ताडपत्री बांधत होते. कोठीच्या तळाशी थोडं धान भिजलं होतं, ते आम्ही दोघी अंगणात पसरत होतो. सासूबाई न विचारता बहिणीबद्दल बोलू लागल्या. ती कशी नाल्यातून त्यांना खांद्यावर घेऊन जायची, खायला बिब्याची फुलं ओच्यात लपवून कशी आणायची, हसताना तोंडावर पदर कसा धरायची. तो पदर त्यांनी मला धरून दाखवला. आणि हसल्या.