समुद्राला दारं धरणारा

सुट्टी म्हणजे काय, तर अर्धी सकाळ. परदेशातल्या त्या शेतावर ढोबळी मिरचीच्या शेडमध्ये औषध मारलं की दुपारपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, तेवढीच. पाटकरीबुवा खोलीत पडून राहणार होते, पण कामावरच्या जोडीदाराने त्यांना ओढतच समुद्रावर नेलं. या जोडीदाराला सगळे भोंगा म्हणत, झोपेत वाजायचा म्हणून.

पाटकरी हे काही बुवांचं आडनाव नव्हे. गावी कालव्याचं पाणी कुणाच्या रानात किती वेळ सोडायचं, ते बघायचं काम त्यांच्याकडे असायचं, म्हणून पाटकरी. इथे मात्र पाणी यंत्र देई. बटण दाबलं की नळीतून थेंब थेंब. "हे काय पाणी देणं झालं? हे तर आजाऱ्याला सलाईन लावणं!" असं बुवा दिवसातून एकदा तरी म्हणायचेच.

पण आज त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी मुकादमाला सांगायचं होतं, आणखी वर्षभर राहणार की महिनाअखेर घरी जाणार. आठ दिवसांपूर्वी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा."

संसार केलेल्या माणसाला सांगायला नको, या तीन शब्दांइतकं धोक्याचं वाक्य मराठीत दुसरं नाही. त्याचा अर्थ 'या' असतो, 'राहा' असतो, आणि पुढे काही चुकलं की 'मला कुठे विचारलं होतं?' असाही असतो. तेव्हापासून ती फोन उचलायची, पण गाडी 'हं'च्या पुढे जात नव्हती.

बुवांनी बूट काढला, त्यात फोन उभा करून ठेवला आणि व्हिडिओ कॉल लावला. "बघ गं, केवढा समुद्र!"

"हं."

पडद्यावर छताचा पंखा आणि बायकोचा अर्धा कान. आता अर्ध्या कानाशी माणसाने बोलायचं तरी काय? बुवा वैतागले. वैतागले की त्यांना हाताला काम लागतं. टाचेने वाळूत एक रेघ ओढली. रेघेचा पाट झाला, पाटाला दोन वाफे झाले. लाट आली, पाणी पाटात शिरलं, आणि बावन्न वर्षांचा हा बाप्या पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्राला दारं धरायला लागला. एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. भोंगा हसून हसून वाळूत लोळला.

"अहो!" बुटातून आवाज आला. पंखा गेला, अख्खी बायको आली. "अहो, खालचा बांध फुटतोय!"

"कुठे?"

"तुमच्या पायापाशी हो! म्हणे पाटकरी! आधी वरचं तोंड बुजवा, मग बांधाला हात लावा!"

आठ दिवस अबोला धरणं बाईला जमलं होतं, पण फुटका बांध काही बघवेना. पुढच्या तीन लाटा नवरा-बायकोने मिळून वाफे भिजवले. ती सांगणार, हे धावणार. चौथी लाट दांडगी आली. वाफे गेले, पाट गेला, बूट वाहून जाता जाता बुवांनी झडप घालून फोनसकट वाचवला. तिकडे बायको पदर तोंडाला लावून हसत होती. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

मग हसू थांबलं. "दोन वर्षं मी एकटीच फावडं घेऊन वाफ्यात उभी आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिथे खाऱ्या पाण्याला दारं धरताय. इथे विहिरीला गोडं पाणी आहे."

बुवांनी फोन तोंडाजवळ धरला. "मग येऊ का?"

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. आणि लगेच, "येताना बूट झटकून या. घरभर वाळू करून ठेवाल."

ओल्या पँटीने बुवा शेडवर पोचले तेव्हा मुकादम दारातच उभा होता. "काय ठरलं?" त्याने विचारलं.

"महिनाअखेर निघतो," बुवा म्हणाले. "माझं मी ठरवलं."

मागे भोंगा पुन्हा हसायला लागला.