दाखवा मॅडमच्या हाताखालचे दोन महिने

कोणी नुसतं "नमस्कार मॅडम" म्हटलं तरी त्यांचा उजवा हात पुढे यायचा आणि तोंडून निघायचं, "दाखवा." मग त्या स्वतःच हसायच्या. कागद पाहिल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत, म्हणून आम्ही त्यांचं नाव 'दाखवा मॅडम' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

लोकांच्या ठेवी घेणाऱ्या कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेत त्या अधिकारी होत्या. संस्थेनं एका उन्हाळ्यात अमरावतीला छोटं कार्यालय उघडलं आणि अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतून आम्हा सहा जणांना दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवडलं. हा शब्दच आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. मी दर्यापूरची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गळ्यात फोटोचं ओळखपत्र पडलं त्या दिवशी मी ते घरी परतताना जीपमध्येही काढलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोन्त्या दवाखान्यात लागलीस वं?" तरी माझा आनंद तसूभर कमी झाला नाही.

"जे बारीक छापलं असंन, ते मोठ्यानं वाचा," हा मॅडमचा रोजचा पाठ. सकाळी आम्ही आळीपाळीनं उभं राहून कंपन्यांच्या पत्रकांतल्या तळटिपा वाचायचो. एखादा अडखळला की म्हणायच्या, "अचलपूरले माहे अब्बा रजया शिवत. गिऱ्हाईक कोपरा उसवून कापूस पाहे, मंगच घेई. तुमी बी उसवा." आज माझ्या हाताखाली विद्यार्थी येतात. त्यांच्याकडूनही मी तळटिपाच वाचून घेते.

मॅडम लिहीत शुद्ध मराठीत, बोलत वऱ्हाडीत, आणि रागावल्या की उर्दूवर जात. राग जितका मोठा तितकी अदब जास्त. एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापकाला त्या "जनाब, तशरीफ रखिए" म्हणाल्या, की आम्ही एकमेकांकडे पाहून ओठ घट्ट मिटायचो.

ती वर्षं कठीण होती. कापसानं सलग दगा दिलेला, बँकेची पायरी चढायचीही लोकांना धास्ती. अशा वेळी 'अल्पावधीत दुप्पट' म्हणणाऱ्या कंपन्या गावोगाव सभा घेत फिरत होत्या. एका सकाळी मॅडमच्या टेबलावर चौकशीच्या फाइलीत अशाच एका कंपनीचं गुलाबी पत्रक दिसलं. तेच पत्रक मी मूर्तिजापूरला मावशीच्या घरी पाहिलं होतं. मावशी झेंडूची शेती करायची, फुलं विकायची आणि बायकांचा बचत गट चालवायची. गटाची सगळी जमा ती रविवारी त्या कंपनीला देणार होती.

कार्यालयातलं बाहेर बोलणार नाही, अशी सही आम्ही पहिल्याच दिवशी केली होती. मावशीला सावध कसं करायचं, म्हणून दुपारपर्यंत मी तळमळत राहिले. शेवटी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"सभा कोनासाठी हाय?"

"सर्वांना आमंत्रण, असं छापलंय."

"मंग आपन बी सर्वांतच येतो," त्या म्हणाल्या.

रविवारी मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. मावशी मंचावर, नवी साडी, गळ्यात हार, मांडीवर गटाच्या पैशांची कापडी पिशवी. कंपनीनं तिला तालुक्याची महिला प्रमुख केलं होतं. मॅडम कानात म्हणाल्या, "विचार."

"मी?"

"मले कायद्याची भाषा येते. इथं तुयीच लागते."

मी उठले. "ठेवी घ्यायचा परवाना दाखवा."

कंपनीचा माणूस हसत हसत फ्रेममधलं प्रमाणपत्र घेऊन आला. सोनेरी अक्षरं टाळून मी तळाची बारीक ओळ मोठ्यानं वाचली: 'या नोंदणीने जनतेकडून ठेवी स्वीकारण्याचा अधिकार मिळत नाही.' मॅडमनी उभं राहून आपली ओळख सांगितली आणि म्हणाल्या, "जनाब, ज़रा तशरीफ रखिए." जनाब "पाणी पिऊन येतो" म्हणाले आणि मागच्या दारानं गेले ते गेलेच. एकदम खुर्च्या सरकल्या, गटातल्या बायका पैशांच्या पिशवीसाठी मंचाकडे धावल्या. माझं काळीज इतक्या जोरात उडत होतं की मला हसू येत होतं.

मावशीनं हार काढला, पिशवी काखेत घेतली आणि जाताना एवढंच म्हणाली, "साऱ्या गावात माही अब्रू घालवली तूनं."

आठवड्यात कंपनीच्या अकोल्याच्या कार्यालयाला कुलूप लागलं. मॅडमच्या अहवालावरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मूर्तिजापूरचे लोक वाचले, पण अकोल्यात अनेकांनी आधीच पैसे दिले होते. उरलेले दिवस आम्ही त्यांच्या तक्रारी लिहून घेतल्या. मावशी मात्र माझ्याशी बोलेना. फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवून द्यायची. मॅडमनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मी रडले.

शेवटच्या दिवशी आम्हाला प्रशस्तिपत्रं मिळाली, आणि मॅडमना दूरच्या राज्यात बदलीचा हुकूम. गाडी मूर्तिजापूरहून पकडते म्हणाल्या आणि मला सोबत घेऊन थेट मावशीच्या दारात गेल्या. मावशीनं त्यांना उभं-आडवं घेतलं. मॅडम खाटेवर बसून, मान खाली घालून ऐकत होत्या. ती दमल्यावर म्हणाल्या, "बाई, पोरीले उभं मी केलं. तुमाले आदी घरी येऊन सांगाले पाह्यजे होतं, ते माह्या डोक्यात आलं नाही. चुकी माही हाय. तिच्याशी बोला."

मावशीनं चपला घातल्या आणि आमच्यासोबत स्टेशनवर आली. गाडी सुटली, मॅडम खिडकीतून हात हलवत राहिल्या. शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी मावशी तिकडेच पाहत होती. मग माझा हात धरून म्हणाली, "एवढ्या लांब चालली ते. दोन भाकरी बांधून द्या लागत होत्या वं."